पात्र पाहून द्यावे

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, हे भाविक वाचकांना नव्याने सांगावयास नको. सात्त्विक दानाच्या लक्षणात देश, काल आणि पात्र असे तीन शब्द आले आहेत. क्षेत्री द्यावे, सणासुदीला द्यावे, हे लहान मूलही जाणते. म्हणजे देश-कालाची काळजी आपण घेतो. पात्राचा विचार मात्र मागे राहतो. पात्र म्हणजे योग्य माणूस, आणि पात्र म्हणजे भांडेही. दोन्ही अर्थ येथे धरावेत. ज्याला द्यावयाचे त्याच्यात किती मावते, हे पाहिल्यावाचून दिलेले सांडते.

पुढे राजस दानाचे विवरण करताना माउलींनी जे दृष्टांत घेतले आहेत, ते वाचले म्हणजे वाटते, माउली आपल्याच आळीत उभे राहून बोलत आहेत. दुभत्यावर मन ठेवून गाय चारणे. आहेरावर दृष्टी ठेवून सोयऱ्याला आवतण द्यायला जाणे. ओवसा घेणारीच्या घरी वाण धाडणे. शके १२१२ मधला हा ग्रंथ. आहेर आणि वाण हे दोन्ही शब्द आजही आपल्या घरात तसेच आहेत, आणि दृष्टीही तीच आहे. बदलला आहे तो वाणाचा आकार.

एका गावी सप्ताहाला गेलो असता दुपारी एक म्हातारी माउली आमच्याकडे आली. म्हणाली, "बुवा, सुनेनं औंदा कुणाकडंच हळदीकुंकवाला जायचं न्हाई असं ठरवलंय. तिला जरा सांगा." कारण विचारले तेव्हा हळूहळू सारे बाहेर आले. मागल्या संक्रांतीला शेजारणींनी स्टीलच्या डब्या वाटल्या. सुनेला चाळीस घरी तसेच काही देणे भाग पडले. बचत गटातून पैसे उचलले, ते अजून फिटले नाहीत. म्हातारी म्हणाली, "वाण लुटता लुटता आमचंच घर लुटलं, बुवा." आम्ही सुनेला काय सांगणार! जी देऊ शकत नाही ती जायचेच बंद करते. ज्या सणाने बायका एकमेकींच्या उंबऱ्यावर याव्यात, त्याच सणाने एक उंबरा बंद झाला. ही गोष्ट त्या एका घरची नाही, हे वाचणाऱ्या माताभगिनी आमच्याहून अधिक जाणतात.

त्या रात्रीच्या कीर्तनात चालत्या अभंगात आम्ही कौत्साचा दृष्टांत घेतला. तो कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात वर्णिला आहे. रघुराजाने विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन टाकले होते. वरतंतूंचा शिष्य कौत्स दारी आला, तेव्हा अर्घ्य द्यायला सोन्याचे पात्र उरले नव्हते. राजाने मातीच्या पात्रातून अर्घ्य दिले. कौत्साला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी हव्या होत्या. गुरूंनी प्रथम काहीच मागितले नव्हते, सेवाच पुरे म्हटले होते. शिष्याने फार हट्ट धरला तेव्हा रागावून चौदा विद्यांच्या चौदा कोटी सांगितल्या. (हट्टाने दिलेली भेट कशी महागात पडते, हेही येथेच पाहून घ्यावे.) रघूने कुबेरावर चाल करण्याचे ठरवले, आणि स्वारी निघण्यापूर्वीच कोशागारात सोन्याची वृष्टी झाली. आता खरी मौज पुढे आहे. राजा म्हणे, सगळे न्या. कौत्स म्हणे, गुरूंचे देणे तेवढेच नेईन, वर एकही नको. अयोध्येच्या लोकांनी दोघांनाही वंदन केले. आपण रघूचे गोडवे गातो, कौत्साला विसरतो. समोर सोन्याची रास असताना आपल्या पात्राएवढेच उचलणारा तो ब्रह्मचारी आमच्या मते राजाहून तसूभरही कमी नाही.

उरलेले सोने आपट्याखाली ठेवले आणि लोकांनी ते लुटले, ही पुढची जोड लोककथेची आहे, कालिदासाची नव्हे. त्यावरून आपण दसऱ्याला आपट्याचे पान देतो आणि म्हणतो, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. इतकी सुंदर भेट दुसरी कोणती? दमडी लागत नाही, परतफेड त्याच क्षणी होते, श्रीमंत-गरीब दोघांच्या हातात एकच पान. पण आज काय होते? आदल्या दिवशी माळावरच्या आपट्याच्या फांद्याच्या फांद्या तोडून बाजारात ढीग येतात. आपटा पुरत नाही म्हणून त्याच जातीच्या कांचनाचीही पाने ओरबाडतात आणि आपटा म्हणून विकतात. एकादशी उजाडली की तेच सोने रस्त्यावर पायदळी पडलेले असते.

कोणी म्हणेल, बुवा, परंपरा मोडायची काय? आम्ही म्हणतो, परंपरा नीट वाचा. विजयादशमीला शास्त्रकारांनी शमीचे पूजन सांगितले. शमी न मिळेल तर अश्मंतकाचे, म्हणजे आपट्याचे. पूजन झाडाचे, तेही झाड उभे असेल तेथे जाऊन. आणि घरी काय आणावे? तर झाडाच्या मुळाची ओली माती, अक्षतांसह, वाजतगाजत. चिमूटभर माती! फांदी मोडा असे तेथे कोठेही नाही. एकाने एकाला एक पान द्यावे, तेच पान त्याने पुढच्याला द्यावे. सोने हातोहात फिरल्याने काही झिजत नाही. आणि ज्या गावाला आपटा हवासा वाटतो, त्या गावाने पावसाळ्यात देवळामागे दोन रोपे लावावीत.

दिवाळीचे तर विचारूच नये. पूर्वी फराळाचे ताट रुमालाने झाकून शेजारी जाई, आणि ते रिकामे परत येत नसे; निदान चिमूटभर साखर तरी त्यात पडे. ताट तेच, रुमाल तोच, वर्षानुवर्षे. आता चकचकीत कागदातला डबा येतो, आत दुसरा डबा, त्यात चार घास. सोनपापडीचा एक डबा न उघडता पाच घरे फिरून पहिल्या घरी परत आल्याची थट्टा लोक करतात. थट्टा असली तरी हसताना मनात काही टोचतेच. मिठाईच्या डब्यावर गुंडाळायच्या प्लास्टिकच्या पातळ वेष्टनावर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. कायदा आपल्या जागी. उकिरड्यावर जाऊन पाहावे. वसुबारसेला जिच्या पायावर पाणी घातले, वासरासह जिला ओवाळले, तीच गाय भाऊबीजेनंतर फराळाच्या वासाने ते वेष्टन चघळत उभी असते. माउलींनी दुभत्यासाठी गाय चारणाऱ्याला राजस म्हटले. हा चारा कोणत्या गुणाचा, ते आपणच ठरवा.

मग द्यावे काय? संक्रांतीचे सुगडच पाहा ना. कुंभाराची मातीची बोळकी. त्यांत बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, गाजर, गव्हाच्या ओंब्या. सारे त्या महिन्यात रानात पिकलेले. खाल्ले की संपले. बोळके फुटले तर मातीला मिळाले. आणि कुंभाराच्या घरी चूल पेटली. पंढरीत रुक्मिणीमातेला ओवसायला बाया हेच घेऊन जातात. गावातल्या दहा जणींनी एकदा बसून ठरवावे, की यंदा वाण सुगडातले, विकतचे नव्हे. एकटीने ठरवले तर तिला कंजूष म्हणतील. दहा जणींनी ठरवले तर तीच रीत होते. बचत गट आहेतच. कर्ज देता येते तसे हेही ठरवता येईल. भाऊबीजेला भावाने बहिणीच्या ताटात काय घालावे, हे दुकानदाराला न विचारता बहिणीला विचारावे. तिला साडीची गरज नसेल. लेकीच्या शाळेची फी अडली असेल.

सुदाम्याच्या बायकोने चार घरी मागून चार मुठी पोहे आणले आणि फाटक्या चिंधीत बांधून दिले. द्वारकेचे वैभव पाहून सुदामा ते लपवू लागला. देवाने ओढून घेतले, एक मूठ तेथेच तोंडात टाकली, दुसरी घेणार तो रुक्मिणीने हात धरला. मागे उरली ती चिंधी.

आणि आपण वारकरी पंढरीहून काय आणतो? चुरमुरे, बत्तासे, बुक्क्याची पुडी. घरी पोचल्यावर पोर आळीत फिरते, प्रत्येक घरी चिमूट चिमूट देते. घेणारा ते कपाळाला लावतो, तोंडात टाकतो, आणि विचारतो, "दर्शन झालं का बरं?"