तोतरेपणाचे मोजमाप

मोठ्या माणसाच्या तोतरेपणाची तपासणी म्हणजे लहान मुलाच्या तपासणीचीच वाढीव आवृत्ती होय, असे समजून चालण्याचा जो शिरस्ता आपल्याकडे पडला आहे, तो मला मुळातच सदोष वाटतो. तीन-चार वर्षांचे मूल अडखळते ते उघडपणे. लाज त्याला अजून कोणी शिकविलेली नसते, आणि अशा मुलांपैकी बहुतेक जण पुढे आपोआप नीट बोलू लागतात. ज्यांचे अडखळणे टिकून राहते अशी मोठी माणसे शंभरात सुमारे एक, आणि त्यांत स्त्रियांच्या मानाने पुरुष जवळजवळ चौपट. परंतु वयात येईपर्यंत या माणसांनी तोतरेपणाच्या जोडीला तो लपविण्याची विद्याही हस्तगत केलेली असते.

कोकणातल्या दाभोळचा एखादा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणावा. दापोलीहून संध्याकाळच्या एस.टी.त तो बसतो, कंडक्टर दोन बाके पुढे असतानाच गावाच्या नावातला ‘दा’ आज दातांमागे अडकणार हे त्याला कळून चुकते, आणि म्हणून गावाचे नाव न घेताच तो ‘शेवटचं द्या’ म्हणतो. गाडी दाभोळलाच थांबणार असल्यामुळे तिकीट बरोबर मिळते. कोणा तज्ज्ञाने तेवढे बोलणे ध्वनिमुद्रित करून त्यातील अडखळलेली अक्षरे मोजली असती, तर उत्तर शून्य आले असते. हजेरीच्या वेळी नुसता हात वर करणारा, फोन वाजला की अंगणात निघून जाणारा आणि उत्तर ठाऊक असूनही ‘येत नाही’ म्हणून उभे राहणे पत्करणारा मुलगा तो हाच. मास्तर त्याला मंद समजतात, घरचे लाजाळू. लहानपणी जिभेला वेखंड लावून झालेले असते, देवीला नवस बोलून झालेला असतो, आणि आता काही ऐकू येत नाही त्या अर्थी दुखणे गेले, असा सर्वांचा बिनतक्रार समज होऊन बसतो.

अमेरिकेतील ग्लिंडन रायली यांनी १९७२ साली मांडलेल्या मोजणीत अडखळलेल्या अक्षरांचे प्रमाण, सर्वांत लांबलेल्या तीन अडथळ्यांचा काळ आणि डोळे मिटणे, मान झटकणे यांसारख्या शारीरिक हालचाली यांना गुण दिले जातात. ही पद्धत टाकाऊ आहे असे माझे म्हणणे नाही; उपचारापूर्वीची आणि नंतरची नोंद ताडून पाहावयास ती हवीच. (पाणिनीय शिक्षा या उच्चारशास्त्राच्या जुन्या ग्रंथानेही मान हलवीत म्हणणाऱ्याची गणना अधम पाठकांत केली आहे, दिसते तेवढ्यावरच निकाल देण्याची खोड आपलीही जुनीच.) पण स्वतः तोतरे असलेले मानसशास्त्रज्ञ जोसेफ शीहान यांनी या व्याधीला, दिसते थोडे आणि दडलेले अधिक म्हणून, हिमनगाची उपमा दिली ती उगाच नव्हे. हिमनग न पाहिलेल्या दाभोळच्या तांडेलाला खाडीच्या मुखाशी पाण्याखाली दडलेल्या वाळूचे उदाहरण अधिक पटेल. वाचातज्ज्ञ यारस आणि केसाल यांनी २००६ साली सिद्ध केलेली प्रश्नावली याच दडलेल्या भागाचा ठाव घेते: बोलताना मनात काय येते, कोणते प्रसंग कठीण जातात, आयुष्यातून काय वजा झाले, हे ती खुद्द बोलणाऱ्यालाच विचारते.

तपासणी करताना परिस्थितीचेही भान हवे. तोतरेपणा दिवसागणिक बदलतो; चारचौघांबरोबर आरती म्हणताना तो बहुधा नाहीसाच होतो, आणि छापील उताऱ्यात शब्द बदलता येत नसल्यामुळे वाचताना तो उघडा पडतो. शिवाय दाभोळच्या मुसलमान घरांत बोली कोकणी, अनेकांच्या शाळेची भाषा उर्दू आणि कचेरीचा कारभार मराठी. अशा घरातल्या मुलापुढे पुस्तकी मराठीचा उतारा ठेवला, तर तो अडला कशाने, जिभेने की अपरिचित लिपीने, हे तपासणाराने कशावरून ठरवावे? म्हणून तपासणी त्याच्या प्रत्येक भाषेत व्हावी, आणि निदान एकदा तरी दवाखान्याच्या खोलीबाहेर. मात्र आयुष्यभर नीट बोलणारा इसम पन्नाशीत एकाएकी अडखळू लागला, तर प्रश्नावली बाजूस ठेवून त्याला विनाविलंब डॉक्टरकडे न्यावे. पक्षाघाताने किंवा डोक्याला मार बसल्यानेही असे होते.

कायद्याची दृष्टी अक्षरे मोजणाऱ्या तपासणीहूनही तोकडी आहे. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या अधिनियमातील परिशिष्टात वाचा व भाषा दिव्यांगत्वाची जी व्याख्या आहे, तिच्यात स्वरयंत्र काढून टाकणे किंवा मेंदूच्या विकाराने भाषा गमावणे अशा शारीरिक वा मज्जासंस्थेच्या कारणांनी आलेले कायमचे वैगुण्य अभिप्रेत आहे. तोतरेपणाचा तिच्यात नामनिर्देशही नाही; आणि अक्षरांच्या मोजणीत ज्याचे उत्तर शून्य येते त्या दाभोळच्या मुलाला तर त्या व्याख्येच्या दारात उभे राहण्याचीही सोय नाही.

अशा तपासणीसाठी जाता येईल अशा संस्था आहेत: म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ ची, मुंबईची अली यावर जंग वाक् व श्रवण संस्था १९८३ ची. दाभोळहून दोन्ही दूर. तेथवर पोहोचणे ज्याला साधेल त्याने जरूर जावे. परंतु तोवर शाळेच्या मुख्याध्यापकांना माझी विनंती अशी की, तोंडी परीक्षेत गप्प राहिलेल्या मुलाच्या नावापुढे शून्य मांडण्यापूर्वी त्याला एकांतात बोलावून, उत्तर येत होते का, एवढे विचारावे, आणि तो ते लिहून देऊ लागला तर घ्यावे.