विश्वाची कड

विश्वाला कड असेल, तर तिच्यावर उभ्या माणसाला हात पुढे करता येईल की नाही, असा पेच टॅरेंटमच्या आर्किटसने इ.स.पूर्व चौथ्या शतकात टाकला. हात पुढे गेला तर पलीकडे जागा आहे. अडला तर अडवणारे काहीतरी आहे. ॲरिस्टॉटलने हा पेच उद्भवूच दिला नाही. वस्तूला वेढणाऱ्या पदार्थाची आतली सीमा म्हणजे जागा, अशी त्याची व्याख्या होती. त्यामुळे ताऱ्यांच्या गोलाबाहेर जागा नाही, पोकळी नाही आणि काळही नाही. युक्तिवाद पक्का, पण समाधान सगळ्यांचे झाले नाही. स्टोइक पंथीयांनी मर्यादित विश्वाभोवती अमर्याद पोकळी कल्पिली, तर रोमन कवी लुक्रेशियसने हाताच्या जागी भाला आणून तोच प्रश्न पुन्हा विचारला.

भारतीय ज्योतिषात आकाशाच्या परिघाला खकक्षा म्हणत. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त (११५०) तिचे मान १८,७१,२०,६९,२०,००,००,००० योजने आहे. चंद्राच्या कक्षेची ३,२४,००० योजने आणि एका कल्पातल्या त्याच्या ५७,७५,३३,००,००० प्रदक्षिणा यांचा तो गुणाकार. कोणी याला ब्रह्मांडाचा परिघ मानत. भास्कराचार्यांची भूमिका सावध होती: ब्रह्मांड एवढे असो वा नसो, ग्रह एका कल्पात एवढे अंतर चालतो, इतकेच आपले मत. गणिताने काय सिद्ध होते आणि काय होत नाही, याची इतकी स्वच्छ विभागणी त्या काळात दुर्मिळच.

युरोपात ॲरिस्टॉटलची पकड ढिली केली ती, गंमत म्हणजे, धर्मसत्तेने. पोकळी उरेल म्हणून ईश्वर आकाशाला सरळ रेषेत हलवू शकत नाही, हे मत पॅरिसच्या बिशपने १२७७ मध्ये निषिद्ध ठरवले. विश्वाबाहेरच्या पोकळीचा विचार करायला विद्वानांना त्यामुळे वाव मिळाला. पुढे कोपर्निकसने (१५४३) ताऱ्यांचा गोल कायम ठेवला, पण पृथ्वीच स्वतःभोवती फिरत असेल, तर तारे रोज फिरवणाऱ्या गोलाची गरज उरत नाही. थॉमस डिग्जने १५७६ मध्ये तारे अनंतापर्यंत विखरून दाखवले. जिओर्दानो ब्रूनोने अनंत विश्वे मांडली. या मताचाही समावेश असलेल्या पाखंडाच्या आरोपांखाली त्याला १६०० मध्ये रोममध्ये जाळण्यात आले. न्यूटननंतर अनंत अवकाश ही सर्वसामान्य धारणा झाली.

खरी कलाटणी भूमितीने दिली. सीमा नसणे आणि अनंत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गणिती रीमानने १८५४ च्या व्याख्यानात दाखवले. पृथ्वीच्या पृष्ठभागावर कितीही चालले तरी कड लागत नाही, पण त्याचे क्षेत्रफळ मर्यादितच असते. आइन्स्टाइनने १९१७ मध्ये असेच मर्यादित पण सीमाहीन विश्व मांडले. आर्किटसचा हात तिथे कधीच अडत नाही, आणि तरीही विश्व अनंत ठरत नाही.

विश्व प्रसरण पावते हे १९२९ नंतर रुजले आणि ‘कड’ वेगळ्याच अर्थाने परतली. विश्वाचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे असल्याने त्याहून जुना प्रकाश पोहोचणेच शक्य नाही. ज्या पदार्थाचा प्रकाश आज पोहोचतो, तो प्रसरणामुळे आता सुमारे ४६ अब्ज प्रकाशवर्षांवर गेला आहे. ही मर्यादा दृष्टीची आहे, अवकाशाची नव्हे; तिथल्या निरीक्षकाचे दृश्य विश्व त्याच्याभोवती असेल. पलीकडेही अशाच दीर्घिका असाव्यात, हा आजचा सर्वांत साधा अंदाज.

त्याहून पुढचे तर्क मात्र पुराव्याच्या बरेच पुढे धावतात. ॲलन गुथच्या १९८१ च्या अतिप्रसरण सिद्धान्तातून (आरंभी विश्व क्षणार्धात प्रचंड फुगले, या मतातून) पुढे असंख्य ‘बुडबुडा विश्वां’ची कल्पना निघाली; तिला निरीक्षणाचा निर्विवाद आधार अजून नाही. अवकाश मोजमापाच्या मर्यादेत सपाट दिसते, पण सपाट अवकाशही स्वतःवर मिटून मर्यादित राहू शकते. तसे ते पुरेसे लहान असते, तर वैश्विक पार्श्वप्रारणात, म्हणजे आरंभीच्या विश्वातून आजही येणाऱ्या प्रारणात, सारख्याच नक्षीच्या वर्तुळांच्या जोड्या दिसल्या असत्या. डब्ल्यूमॅप आणि प्लँक उपग्रहांच्या नकाशांत त्या शोधल्या गेल्या, पण सापडल्या नाहीत.