जुनं जग, नवं व्हर्जन

माइनक्राफ्टमधलं माझं जग २०१४ सालचं, बारावीच्या सुट्टीत सुरू केलेलं. ३० नोव्हेंबर २०२१ ला १.१८ आलं, 'केव्ह्ज अँड क्लिफ्स'चा दुसरा भाग, तेव्हा ते जग उघडायची मला भीती वाटली होती. उंची २५६ ब्लॉकवरून ३८४ झालेली, डोंगर आणि गुहा सगळ्या नव्याने आखलेल्या. एकदा नव्यात नेलेलं जग जुन्या व्हर्जनमध्ये परत नीट उघडेलच असं नाही, म्हणून आधी बॅकअप घेतला.

घर जागच्या जागी होतं. मी जिथे जिथे फिरलो होतो तिथली जमीन तशीच होती. फक्त तिच्याखाली आणखी खोल गुहा आल्या होत्या. नवे डोंगर उगवले ते मी कधी न गेलेल्या दिशांना. आधीच्या काही अपडेट्समध्ये जुन्या-नव्याच्या हद्दीवर सुरीने कापल्यासारखा कडा उभा राहायचा. या वेळी तिथे उतार होता.

आता आमची बिल्डिंग. टेंभी नाक्याजवळ, चार मजली, लिफ्ट नाही, पावसाळ्यात स्लॅब गळतो. सोसायटीच्या पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. आमच्याकडे त्याहून बरीच जास्त होती. फ्लॅट बाबांच्या नावावर आहे, पण त्यांनी मला विचारलं आणि मी म्हटलं, करा सही.

पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी केली नाही. आनंद दिघेंनी सुरू केलेल्या इथल्या नवरात्रोत्सवातली देवीची मिरवणूक त्या खिडकीतून बघतात. मला म्हणाल्या, "तू कॉम्प्युटरवाला ना? तीन वर्षं म्हणजे नक्की किती रे?" डेडलाइन कशा सरकतात ते मी रोज बघतो. तरी गप्प बसलो.

गेमशी तुलना पूर्ण जुळत नाही, हे मान्य. तिथे जमीन जवळजवळ संपतच नाही, म्हणून जुनं न मोडता नवं करता येतं. टेंभी नाक्यावर तशी सोय नाही. आणि गळका स्लॅब काकूंच्याही डोक्यावर आहे. त्यामुळे बहुमत चुकलं असं मला वाटत नाही.

पण बहुमत एकाच प्रश्नाचं उत्तर देतं: करायचं की नाही. त्याची किंमत कोण किती मोजणार, हे त्यात येत नाही. मला तीन वर्षं म्हणजे भाड्याचं घर आणि थोडी गैरसोय. काकूंना कदाचित उरलेलं सगळंच. मत दोघांचं एकेक, किंमत मात्र सारखी नाही. आणि त्यांच्या वर्षांचा बॅकअप नाही.

मग ज्यांचं मत जिंकलं, त्यांच्यावर तो उतार बांधायची जबाबदारी येते. रविवारच्या मीटिंगला मी लेखी मागणी नेतोय: काकूंना नाक्यावरच, मिरवणुकीच्या वाटेवर भाड्याची जागा, आणि तिचं डिपॉझिट आम्ही बाकीच्यांनी आधी भरायचं. मान्य होईल की नाही, बघू.

त्याआधी एक मजला उतरून राहिलेलं उत्तर द्यायचंय. "काकू, तुम्ही पाच धरा."