‘पोराले सांगू नोको’

चिमूरकडच्या गावांत घरातलं माणूस गेलं, की रडण्याच्या आवाजात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘पोराले सांगू नोको.’ कुणाचे वडील मोहफुलं वेचायला जंगलात गेले आणि वाघाच्या तावडीत सापडले, कुणाची आजी दवाखान्यातून परत आलीच नाही. लहानग्याला मामाकडे नाहीतर शेजारी पाठवतात. तेरवी होते, पाहुणे जातात, तरी त्याला ‘बाबा बाहेरगावी गेले’ एवढंच माहीत असतं.

हे वाक्य मायेपोटीच येतं. पण ती माया नेमकी कोणाला वाचवते? पोराला, की त्याच्या प्रश्नांना उत्तर देण्यापासून आपल्याला?

२०१८ साली आलेला सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा ‘नाळ’ आठवा. विदर्भातल्या खेड्यातल्या चैत्याला कळतं, की आपण ज्या आईच्या कुशीत झोपतो तिनं आपल्याला जन्म दिलेला नाही. हे त्याला आईबापांनी सांगितलेलं नसतं, बाहेरून कानावर आलेलं असतं. तिथून पुढे आईचं साधं रागावणंही त्याच्या लेखी पुरावा होऊन जातं. पुढे आजी जाते, आणि त्या निमित्तानं जन्मदाती घरी येते.

आता या घराकडे नीट पाहा. आजीसाठी सगळे उघड रडू शकतात. पण ज्या आईनं मूल देऊन टाकलं तिला रडायची सोय नाही. ज्या आईनं ते वाढवलं तिला ते हातून जाण्याची भीती बोलता येत नाही. आणि चैत्याचं दुःख तर घराच्या हिशेबातच नाही, कारण त्याला काही माहीतच नाही असं सगळे धरून चाललेत. एका छपराखाली तिघं, आणि तिघंही एकेकटे. मरणानं घर तुटत नाही, ते असं न बोलण्यानं आतून वेगळं होत जातं.

मग पोराला सगळं लगेच सांगून टाकावं का? इतकं सोपं नाही. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’मध्ये (२००४) आजोबांपुढे हाच पेच आहे. नातवाला डोळ्यांचा कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर ऑपरेशन हवं, आणि ऑपरेशननंतर दृष्टी जाणार. हे त्या चिमुरड्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? पण आजोबा पळ काढत नाहीत. ऑपरेशनआधी ते नातवाला दवाखान्यातून बाहेर नेतात, डोळे आहेत तोवर जग दाखवतात.

फरक इथे आहे. चैत्याला सत्य मिळतं, पण ते पेलताना शेजारी कोणी नसतं. परशाच्या वाट्याला त्याहून भयंकर सत्य येतं, पण त्याचा हात आजोबांच्या हातात असतो. म्हणजे सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न नाही. सांगितल्यावर थांबणार कोण, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडे गाईचं वासरू मेलं, की त्याच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे ठेवायची रीत होती. ती ते चाटते आणि दूध देते. पोराला दिलेलं खोटं उत्तर त्याच जातीचं. फरक एवढाच, की पोर एक दिवस आतला पेंढा ओळखतं. आणि मग मेलेल्या माणसावर नाही, जिवंत माणसांवरचा त्याचा भरवसा उडतो.

गंमत म्हणजे दुःख एकत्र भोगणं आपल्याला नवं नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. रात्रभर चालणाऱ्या नाटकात रंगमंचावरची आई मेली, की अख्खा मंडप डोळे पुसतो. आईच्या मांडीवरचं पोरही रडतं, आणि तिथे त्याला कोणी उठवून मामाकडे पाठवत नाही.

परक्या आईसाठी त्याला रडू देतो आपण. स्वतःच्या माणसासाठी रडायचा हक्क मात्र त्याचं वय पाहून नाकारतो. ‘सांगू नोको’ म्हणणाऱ्याची माया खोटी नसते, फक्त अर्धी असते. उरलेली अर्धी म्हणजे पोराला जवळ घेऊन सांगणं, आणि ते शांत होईपर्यंत तिथून न उठणं.