जिवंतपणा आणि जीव

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य, स्वतंत्र व परस्परांहून भिन्न निरूपिले. हा भेद मुखोद्गत असणे वेगळे आणि प्रसंगी तो निवडता येणे वेगळे. ‘जिवंत’ या शब्दापाशी आले की चांगल्या अभ्यासकाचीही गफलत होते. जेथे जिवंतपणा दिसतो तेथे जीव आहे, आणि तो जिवंतपणा म्हणजेच जीव, असे धरून आपण बोलतो. ही समजूत शास्त्राच्या निकषावर टिकते काय, हे पाहिले पाहिजे. वासनिकांच्या घरी आता असे प्रसंग येऊ लागले आहेत की तेथे या प्रश्नाचे उत्तर घटका-दोन घटकांत द्यावे लागते.

शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचे उदाहरण घ्यावे. लागणीच्या वेळी एका उसाच्या चार-पाच टिपऱ्या करतात, आणि प्रत्येक टिपरीच्या डोळ्यातून स्वतंत्र ऊस उगवतो. उभ्या उसात एक जीव होता असे मानले, तर तोडल्यावर त्याचे पाच तुकडे झाले काय? जीव तर निरवयव आहे. त्याचे तुकडे होत नाहीत. हाच पेच युरोपातही पडला होता. आब्राहम त्रांब्ले या निसर्गाभ्यासकाने गोड्या पाण्यातील हायड्रा नावाचा सूक्ष्म प्राणी कापला, तेव्हा प्रत्येक तुकड्याचा पूर्ण प्राणी झाला. 1744 साली त्याने हे प्रयोग ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्यावर, प्राण्याचा आत्मा कोणत्या तुकड्यात गेला, यावर तेथील पंडितांत मोठा वाद माजला. आपल्या शास्त्राला येथे अडचण नाही. विभागला तो देह. देह प्रपंचाचे कार्य आहे आणि कार्य विभागते. एका घराची दोन घरे झाली म्हणून राहणारा दुभंगला असे होत नाही. नव्या घरात स्वकर्मानुसार दुसरा जीव येतो.

आधुनिक शास्त्राने या घराची बांधणी फार बारकाईने पाहिली आहे. मनुष्यदेहात सुमारे 30 लाख कोटी पेशी आहेत. प्रत्येक पेशीला आवरण असते. ती बाहेरून पोषण घेते, मळ टाकते, मोडलेले दुरुस्त करते. तांबडी रक्तपेशी सुमारे 120 दिवस जगते, मग नवी तिची जागा घेते. पेशी पूर्वीच्या पेशीपासूनच उत्पन्न होते असे जर्मन वैद्य फिर्खो याने 1855 साली मांडले. देहाला तो पेशींचे राज्य म्हणे. उपमा मार्मिक आहे, परंतु या राज्यात जीव राजा नव्हे. जेवलेल्या अन्नाचे रक्त कसे होते हे जेवणाऱ्याला ठाऊक नसते. निद्रेत त्याला स्वतःचेही भान नसते, तरी श्वास चालतो. जे कार्य ज्याला माहीतही नाही त्याचा तो कर्ता कसा? देहाची ही व्यवस्था परंपरेने देवताचक्राच्या अधिकारातील मानली आहे. जीव तेथे भोक्ता आहे: सुख त्याला, दुःख त्याला, बंधही त्यालाच.

यावर पूर्वपक्ष असा की, मग जीव मानण्याचे कारणच काय? 2010 साली अमेरिकेत क्रेग व्हेंटर यांच्या चमूने एका जंतूची सुमारे दहा लाख अक्षरांची आनुवंशिक संहिता प्रयोगशाळेत जुळवून दुसऱ्या जातीच्या जंतुपेशीत घातली, आणि ती पेशी नव्या संहितेप्रमाणे वाढू लागली. मनुष्याने जीव निर्माण केला, असा त्यावर गवगवा झाला. वस्तुतः पेशीचे आवरण व आतील सामग्री आधीच्या जिवंत पेशीचीच होती. उद्या तीही मातीपाण्यातून घडविता आली, तरी त्याने एवढेच सिद्ध होईल की देह प्रपंचापासून घडतो. हे आपल्याकडे कोणी नाकारले आहे? भोगणारा घडविला, हे त्याने सिद्ध होत नाही.

याहून कठीण उदाहरण हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीचे आहे. 1951 साली बाल्टिमोर येथे तिच्या कर्करोगाच्या गाठीतून काही पेशी काढल्या गेल्या. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला ती वारली. पेशी मात्र काचपात्रांत वाढतच राहिल्या. पोलिओच्या लशीच्या परीक्षणात त्या उपयोगी पडल्या आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळांत त्या आहेत. जिवंतपणा म्हणजेच जीव असेल, तर ती स्त्री मेली असे म्हणता येणार नाही. तिच्या मुलाबाळांना हे पटेल काय? तिचा जीव कर्मानुसार पुढे गेला. मागे राहिली ती प्रपंचाची चालती व्यवस्था. त्या पेशींत टिपरीप्रमाणे दुसरा कोणी जीव येत असेल, असे कोणी म्हटल्यास ते खोडून काढता येत नाही; पण तो तिचा जीव नव्हे, एवढे निश्चित.

येथे एक धोका संभवतो. पेशी म्हणजे जीव नव्हे, एवढे ऐकून हिंसेला मोकळीक मिळाली असे कोणी समजेल. दुसरा म्हणेल, दह्याच्या थेंबात अगणित जंतू, तेव्हा अहिंसा अशक्यच. दोघेही अहिंसेला मोजदाद समजतात. व्याधांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या जानूखाली शिरला तेव्हा तेथे पाहिले गेले ते त्याचे भय. भोगणारा कोठे आहे हे बाहेरून सर्वत्र ओळखता येत नाही, म्हणूनच अनुसरलेल्याने हिरवी काडीही उगाच मोडू नये. अज्ञान हे जपण्याचे कारण होते; सवलतीचे नव्हे.

आता तो निकडीचा प्रसंग. अपघातात मस्तिष्कस्तंभ कायमचा नष्ट झालेला मनुष्य यंत्राच्या साहाय्याने श्वास घेत असतो. त्याचे अंग उष्ण असते, हृदय धडधडत असते, आणि वैद्य अवयवदानाविषयी विचारतात. घरातील वृद्ध म्हणतात, धडधड आहे तोवर जीव आहे. हृदयाला स्वतःची स्पंदनशक्ती असते. देहाबाहेर काढल्यावरही ते काही काळ हलते. ती धडधड देहव्यवस्थेची आहे, जीवाच्या वसतीचा पुरावा नव्हे. 1994 च्या कायद्याप्रमाणे चार वैद्यांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा परीक्षा करून हे मरण ठरवावयाचे असते. तेवढे झाल्यावर अवयव देणे ही त्या जीवाची हिंसा म्हणता येत नाही.

उलट बाजूची चूक अधिक भयंकर आहे. जो केवळ बेशुद्ध आहे, ज्याचा श्वास स्वतःचा आहे, त्याला निर्जीव ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही, मग शुश्रूषेचा खर्च कितीही होवो. अशाच्या कानी नामस्मरण चालू ठेवावे. त्याला ते ऐकू येत नाही असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

राहतो प्रश्न दानाचा. देहाचा उपभोग जीवाला कर्मफळ म्हणून मिळतो. तो गेल्यावर देह आप्तांच्या हाती उरतो. आप्तांनी दिलेले अवयव हे त्यांचे दान, गेलेल्याचे नव्हे. त्याने स्वतः शुद्धीत असताना इच्छा सांगून ठेवली असेल, तर मात्र ती त्याची क्रिया झाली आणि फळही त्याचेच. म्हणून ही गोष्ट धडधाकटपणी घरात बोलून ठेवावी. बाल्टिमोरच्या त्या स्त्रीला पेशी घेताना कोणी विचारले नव्हते.