समुद्राचें देणें आणि आपला केर

स्वच्छता हा सद्गुण आहे याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. परंतु घाण कोणती हें ठरविल्यावांचून हातीं घेतलेली केरसुणी कचऱ्याबरोबर धान्यही बाहेर लोटते.

भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांचें उदाहरण या दृष्टीनें बोधप्रद आहे. तेथील उथळ पाण्याच्या तळाशीं पोसिडोनिया नांवाचें गवत वाढतें. तें शेवाळ नव्हे. त्यास मुळें, पानें व फुलेंही असतात. त्याचीं गळलेलीं पानें लाटांबरोबर किनाऱ्यावर येऊन त्यांचे कधीं कधीं पुरुषभर उंचीचे थर साचतात. समुद्रस्नानास येणाऱ्यांस हा देखावा ओंगळ वाटतो, म्हणून यंत्रें लावून ते उचलण्याचा प्रघात पडला. पण याच थरांवर लाटांचा मारा ओसरतो व त्यांच्या आडोशानें वाळू टिकते. ते उपसतांना त्यांत गुंतलेली वाळूही निघून जाते. किनारा स्वच्छ दिसला खरा, परंतु झिजावयास मोकळा झाला. आतां कांहीं ठिकाणीं तें गवत उन्हाळ्यापुरतें बाजूस काढून हिवाळ्यापूर्वीं पुनः किनाऱ्यावर पसरतात. हा मार्ग शहाणपणाचा आहे. तो मनुष्याची सोय मान्य करतो, पण तिला किनाऱ्याची मालकी देत नाहीं.

मुंबईच्या वाचकास हें उदाहरण दूरचें वाटेल. पण घाटकोपरच्या पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. तिच्या कांठीं वाळूऐवजीं चिखल व समुद्री गवताऐवजीं तिवराचें रान आहे. तिवराचीं पानें चिखलांत गळून कुजतात आणि त्यांवर खेकडे, कोळंबी व मासळीचीं पिलें पोसतात. हिवाळ्यांत येथें रोहित पक्षी चरतात. त्यांच्या नांवानें २०१५ सालीं अभयारण्य झालें व २०२२ सालीं त्यास रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. परंतु भरतीबरोबर प्लॅस्टिकच्या पिशव्याही येतात आणि तिवराच्या श्वासमुळांस वेढून बसतात. पान आणि पिशवी एकाच चिखलांत बरबटलेलीं, दिसावयास सारखींच ओंगळ; पण एक अन्न आहे, दुसरी फास आहे. हा भेद डोळ्यांस दिसत नाहीं, विचारानेंच कळतो. खाडी साफ करावयास जाणाऱ्यानें पिशवी उचलावी आणि पान राहूं द्यावें.

मात्र उचललेली पिशवी न्यावयाची कोठें? देवनारचें कचऱ्याचें मैदान याच खाडीच्या कांठीं आहे, आणि १९२७ सालापासून शहराचा केर तेथें पडत आला. २०१६ च्या जानेवारींत त्या ढिगास आग लागली, तेव्हां धूर दूरच्या वस्त्यांपर्यंत पोंचला. एरवीं त्याची झळ शेजारच्या गरीब वस्तीनेंच सोसावयाची. अंगण झाडून केर शेजाऱ्याच्या दारीं लोटणें यास कोणी सद्गुण म्हणणार नाहीं; शहर तेंच करतें तेव्हां त्यास व्यवस्था म्हणतात.

कुजणाऱ्या पाल्यास वास येतो ही तक्रार खोटी नव्हे. जेथें माणसांचा वावर आहे तेथून तो हलवावा लागेल. पण हलविणें आणि फेंकणें यांत अंतर आहे. आपल्या इमारतींच्या आवारांत रोज सकाळीं झाडांचीं पानें झाडून प्लॅस्टिकच्या पिशवींत कोंबलीं जातात. जें मातीचें अन्न व्हावयाचें, त्याचा केर आपणच करतों. खाडीकांठच्या विवेकाची पहिली परीक्षा या आवारांतच आहे: तीं पानें झाडाच्या बुंध्याशीं खड्ड्यांत टाकावीं, आणि पिशवी मुळांत घरीं येऊंच देऊं नये.