दप्तर हाती घेताना

चि. प्राजक्ता,


पुण्यातल्या तुझ्या सोसायटीची बिनविरोध सेक्रेटरी झालीस, म्हणून अभिनंदन करावं की सांत्वन, हे मला आधी ठरेना. सोसायटीत बिनविरोध निवड म्हणजे बाकीच्यांनी शिताफीने अंग काढून घेतलं, एवढाच अर्थ. इथे डोंबिवलीत मी बरीच वर्षं आमच्या सोसायटीची खजिनदार होते, त्या हक्काने हे लिहिते आहे. तुझ्या चेअरमनसाहेबांना दाखवलंस तरी चालेल.

फोनवर म्हणालीस, आधी कोजागिरी करू, म्हणजे माणसं जवळ येतील. कर की. मसाला दूध कोणाला नको असतं? पण गच्चीवर मांडीला मांडी लावून भेळ खाणारी माणसं दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये हमरीतुमरीवर आलेली मी पाहिली आहेत. पैसे, पाणी, गाड्या आणि गळती यांवरून बिघडलेलं दुधाने सुधारत नाही. म्हणून आधी आदर्श उपविधींचं पुस्तक वाचून काढ. रुक्ष आहे, पण निम्म्या भांडणांचा निकाल त्यात आधीच लिहून ठेवलेला आहे. लिफ्ट वापरत नाही म्हणून तळमजल्याला तिच्या दुरुस्तीतून सूट नाही, खर्च सगळ्यांना सारखा. पाण्याचा आकार मात्र ज्याच्या त्याच्या घरातल्या नळजोडांवर. हे तू स्वतःचं मत म्हणून सांगितलंस तर वाद तुझ्याशी होईल, पान उघडून दाखवलंस तर पुस्तकाशी.

सगळ्यात जास्त रक्त आटवते ती गळती. गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून पावसाचं पाणी झिरपत असेल किंवा सामायिक पाइप फुटला असेल, तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने. वरच्यांच्या बाथरूममधून खालच्यांच्या छतात येत असेल, तर खर्च त्या सभासदाचा. नियम सोपा आहे, पण ओल नेमकी कुठून येते ते कळत नाही आणि मग ‘आमच्याकडे सगळं कोरडं आहे’ आणि ‘तुमच्याकडूनच येतंय’ हे वर्षभर चालतं. अशा वेळी पहिल्याच दिवशी पत्र धाडू नकोस. प्लंबरला घेऊन खालच्यांकडे जा, डाग स्वतः बघ. मग वरच्यांना गोडीने खाली बोलाव. पोपडे आलेलं छत आणि पलंगावर ठेवलेली बादली डोळ्यांनी पाहिली की बराचसा ताठा उतरतो. नाहीच उतरला तर मग लेखी, पोच घेऊन. गच्चीचं वॉटरप्रूफिंग असेल तर मधल्या मजल्यांची कुरकुर ऐकून घे, कोटेशनं सगळ्यांना दाखव आणि काम मे संपायच्या आत उरक. जूनमध्ये ठेकेदार फोनसुद्धा उचलत नाहीत.

पार्किंगला मात्र जपून. स्टिल्टमधली जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केलं आहे. वाटप सोसायटीनेच करायचं, गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर चिठ्ठ्या टाकून. पण ज्याने बिल्डरला रोख मोजली, त्याला हा निकाल तोंडावर फेकलास तर तो आयुष्यभर तुझ्याशी बोलणार नाही. तो फसवला गेलेला माणूस आहे, लबाड नव्हे. आधी त्याचं पूर्ण ऐकून घे.

थकबाकीदारांचं पाणी तोडा, असं कमिटीत कोणीतरी म्हणेलच. मुळीच ऐकू नकोस. व्याज लावता येतं, पण उपविधींनी घातलेल्या मर्यादेतच, तेही सरळव्याजाने. वसुलीसाठी उपनिबंधकाकडे जायची वाट कायद्यानेच दिली आहे. पण त्याआधी एकदा दार वाजव. कोणाची नोकरी गेलेली असते, कोणाकडे आजारपण असतं. हप्ते बांधून दे, कमिटीच्या ठरावात लिहून, आणि तीच सवलत पुढच्या माणसालाही दे, तो तुझ्याविरुद्ध बोलणारा असला तरी. व्हॉट्सअॅप ग्रुपवर थकबाकीदारांची नावं टाकणं हा मला निव्वळ गावंढळपणा वाटतो.

भाडेकरूंबद्दल थोडक्यात. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून मालकाकडून घ्यायचं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. ‘नोकरी करणारी मुलं नकोत’ असले ठराव तर आणूच नकोस. पुणं चालतंय ते बाहेरून आलेल्या मुलांवर. त्यांना कचऱ्याची वेळ आणि पाण्याची वेळ पहिल्याच दिवशी सांग, म्हणजे वॉचमनच्या तोंडून ओरडा खायची पाळी येणार नाही. आणि वॉचमनला नावाने हाक मार, पगार ठरल्या तारखेला दे.

राहिला हिशेब. दर महिन्याचा जमाखर्च एका पानावर लिहून नोटीसबोर्डवर लाव. टँकर किती आले, वीजबिल किती, सिंकिंग फंडात किती पडले, सगळं. कोणी दप्तर बघायला मागितलं तर तोंड वाकडं करू नकोस, तो सभासदाचा हक्क आहे. माझा अनुभव असा की, मागताक्षणी वही मिळाली की बहुतेकांची ती उघडायची इच्छाच उरत नाही. सगळ्यात खोचक प्रश्न विचारणाऱ्या आजोबांना अंतर्गत तपासणीला बसव. तुझ्या कमिटीला त्यांच्याइतका चोख माणूस मिळणार नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी आणि नोटीस पूर्ण १४ दिवस आधी प्रत्येक सभासदाच्या हातात पडायला हवी. तेव्हा ऑडिटरना या आठवड्यातच फोन कर.

तुझी,
आत्या